नळी तुटली तर?

— नाही, तो 'सुमारे' आधी खोडा. माझ्या टेबलावर 'सुमारे' चालत नाही. लिहा — सन एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, मार्च महिना, नऊ तारीख, वार सोमवार. थंडी सरली होती आणि उन्हाळा अजून पुरता अंगावर आला नव्हता, म्हणजे यार्डातलं लोखंड सकाळी हाताला गार आणि दुपारी नको इतकं तापलेलं, असे ते दिवस. काय म्हणालात, ऋतूची गरज नाही? आहे हो गरज. सिलिंडरमधल्या तेलाला ऋतू कळतो — थंडीत दाटतं, उन्हात पातळ होतं — आणि पातळ झालं की सापडेल त्या फटीतून वाट काढतं. तुमच्या विमा कंपनीला एवढं ठाऊक नसेल तर प्रशस्तिपत्र छापण्याआधी ठाऊक करून घ्या म्हणावं. आणि नाव लिहिताना आधी माझं, मग यांचं, मग आडनाव. 'श्रीमती' पूर्ण लिहायचं, टिंब देऊन अर्ध्यावर सोडायचं नाही. पुढे कंसात 'मॅट्रिक' लिहिता येईल का? — नाही? बरं. राहू द्या. मी आपलं विचारलं.

तर 'सूचना कोणाची' हा तुमचा रकाना. त्यात एकच नाव बसतं म्हणालात ना, आणि तेच कार्यालयात भिंतीवर लागणार, वार्षिक पुस्तिकेत छापून येणार. ठीक आहे. पण नाव भरण्याआधी सूचना काय होती ते नीट समजून घ्या. नाही तर उचलली जीभ अन् लावली टाळ्याला, असं तुमच्या अहवालात व्हायचं. लोकांना वाटतं क्रेन म्हणजे ती वरची लांब भुजा. तसं नाही. क्रेन उभी असते पायांवर. भार उचलायच्या आधी गाडीच्या दोन्ही अंगांनी चार पाय बाहेर काढतात, जमिनीवर टेकवतात, चाकं अधांतरी होतात — आणि त्या प्रत्येक पायात एक सिलिंडर असतो, तो तेलाच्या दाबावर सगळा डोलारा तोलून धरतो. भुजा एका कोपऱ्यावर वळली की जवळजवळ सगळं ओझं त्या एका पायावर येतं, बाकीचे तीन नावाला. म्हणून चारांत भागून हिशेब करणारा माणूस माझ्या टेबलासमोर टिकत नाही. आमच्या ऐंशी टनी क्रेनचे पाय म्हातारे झाले होते. सकाळी पाणसळ लावून अगदी समतल उभी केलेली क्रेन दुपारपर्यंत एका अंगाला बोटभर खाली बसलेली असायची, आणि माझा मुलगा — तोच चालवतो ती — दर तासाला खाली उतरून पाय पुन्हा उचलायचा. चारही सिलिंडर नवे घ्यायचे ठरलं. आणि खरेदी म्हणजे मी. गेली चाळीस वर्षं, लग्न होऊन आले तेव्हापासून. पत्रं मी लिहिते, दर मी मागवते, तुलनेचा तक्ता मी आखते — अकरा रकाने, पट्टी धरून, तांबड्या शाईच्या रेघा. नळकांड्याचा आतला व्यास, दांड्याची जाडी, पाय पूर्ण लांबवल्यावर दांडा वाकणार नाही ना त्याचा हिशेब, मुलामा, रबरी कड्या — काही सुटायचं नाही. सुटत नाही.

चहा घेता ना? नको कशाला, येतोच आहे. ती आणेल.

ती म्हणजे माझी धाकटी जाऊ. ती... सांगते. आमच्या सासऱ्यांची एक रीत होती, ती कळल्याशिवाय तुम्हाला ही वही कळायची नाही. कोणतीही मोठी वस्तू विकत घेण्याआधी तिचा नमुना त्या समोरच्या बाकावर ठेवायचा. मग यार्डातल्या प्रत्येकाने — मालकापासून वॉचमनपर्यंत — एकेकट्याने आत यायचं, वस्तू पाहायची, आणि वही धरणाऱ्याला एक प्रश्न सांगायचा. एकच. शहाणा असो, वेडगळ असो. एकेकट्याने अशासाठी, की वेल्डरला मालकासमोर विचारायचा संकोच वाटू नये. संध्याकाळी सगळे प्रश्न मोठ्याने वाचायचे, पण कोणाचा कोणता हे सांगायचं नाही. ते फक्त वहीत. उत्तरं मिळेपर्यंत खरेदी नाही. सासरे म्हणायचे, 'वस्तू पैशाने येते, पण टिकते प्रश्नांनी.' ती वही ते गेल्यावर माझ्याकडे आली. यांच्याकडे नाही, दिरांकडे नाही, माझ्याकडे. का? — अक्षर. आणि चोख माणूस. चोख हा शब्द त्यांचा, माझा नव्हे.

धाकटी शाळेची पायरी चढलेली नाही. तिच्या वडिलांचं ट्रकदुरुस्तीचं दुकान होतं, त्यात वाढली, बाहुल्यांऐवजी बेअरिंगांशी खेळली म्हणे. ती या घरात आली तेव्हा माझा मुलगा चार वर्षांचा होता, आणि आल्या आल्या — आल्या आल्या हो — तिने एका दांड्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाली, 'हा गळणार.' आणि तो गळला! तेव्हापासून जी रूढी पडली ती पडली. मी दोन-दोन दिवस बसून तक्ता करायचा, हिशेब तीनदा पडताळायचा, आणि पुरुषमंडळी काय विचारणार? — 'धाकटीने नख लावलं का?' तक्त्याकडे बघायचंदेखील नाही. हे शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळलेले, बोलताना धाप लागायची. मी एका पंपाचे तीन दर वाचून दाखवले, कोणता घ्यावा आणि का हेही सांगितलं. डोळे मिटून ऐकलं सगळं, आणि मग म्हणाले, 'धाकटीला दाखवलंस?' — बस्स. दुसऱ्या दिवशी गेले. म्हणजे माझ्याशी जे शेवटचं बोलले ते... असो. मला त्याचं काही नाही.

नाही, काही नाही म्हटलं ना. मला यार्डात सगळे 'बाई' म्हणतात. मानानेच म्हणतात. तिला 'काकू' म्हणतात. चाळीस वर्षांत एकाही कामगाराने मला चुकून काकू म्हटलं नाही. मीही म्हणू दिलं नसतं म्हणा, पण चुकून तरी? मुलाला गोवर आला होता, सहा वर्षांचा असेल, मी उशाशी बसून तापाचे आकडे लिहीत होते, दर दोन तासांनी, अंशासकट — डॉक्टरांनी कौतुक केलं त्या कागदाचं — आणि पोरगं तापात कोणाला हाक मारतंय? काकूला. ती आली, ओला हात कपाळावर ठेवला, झोपला. माझ्या कागदावर तेव्हाच पहिल्यांदा आकडा उतरला. आता याला काय म्हणायचं? मी योगायोग म्हणते.

तर नऊ मार्च. दोन ठिकाणचे दर आले होते. एक छोटा कारखानदार, पेन्सिलीने लिहिलेला कागद, त्यावर तेलाचा डाग; तो मी बाजूला ठेवला. दुसरी कंपनी नामवंत — नाव नको — त्यांचा विक्री प्रतिनिधी छापील माहितीपुस्तक घेऊन आला, अगदी अदबशीर, आणि माझा तक्ता पाहून म्हणाला, 'बाई, असा तक्ता आमच्या मुख्य कार्यालयातही होत नाही.' — हसू नका. खरं बोलायला माणसाला लाज कसली? त्यांचा सिलिंडर खरोखर सरस होता. अकरापैकी दहा रकान्यांत सरस. नमुना बाकावर ठेवला, जोडलेल्या नळीसकट, झडपेसकट. आणि सकाळी दहापासून एकेक जण येऊ लागला. वेल्डरने विचारलं, तळाचा कान वेल्ड केलेला आहे की ओतीव. दिरांनी विचारलं, कड्या बदलायला सिलिंडर गाडीवरून काढावा लागेल का. वॉचमनने विचारलं, रंग पिवळाच का. मुलाने विचारलं... लिहिलंय बघा, चौथा. मी विचारलं, सुटे भाग किती वर्षं पुरवण्याची लेखी हमी देणार. आणि सहावा प्रश्न हा — 'ही नळी तुटली तर?'

त्याचा अर्थ सांगते. पाय टेकला की आतलं तेल परत फिरू नये म्हणून एक झडप असते. तीच खरी पाय धरून ठेवते. त्या नमुन्यात झडप होती चालकाच्या हातातल्या दांड्यांपाशी, आणि तिथून सिलिंडरपर्यंत साडेतीन फूट रबरी नळी. म्हणजे झडप इमानदार असून उपयोग काय? मधली नळी तुटली की तेल बाहेर, पाय खाली, क्रेन आडवी. झडप सिलिंडरच्या अंगावरच बसवलेली हवी, मध्ये काहीही नको. माझ्या अकरा रकान्यांत झडप नव्हती. कारण झडप आणि नळ्या आमच्याकडे 'जोडसाहित्या'च्या फायलीत जातात, ती फाईल निराळी, तिचा तक्ता निराळा. सिलिंडरच्या तक्त्यात सिलिंडर, जोडसाहित्याच्या तक्त्यात जोडसाहित्य, आणि या दोहोंच्या मध्ये जे लोंबत होतं ते कोणाच्याच रकान्यात नव्हतं. अशी चूक व्यवस्थित माणसाच्याच हातून होते, हे लक्षात ठेवा. गबाळ्या माणसाच्या एकाच फायलीत सगळं असतं. मग मी कंपनीला पत्र लिहिलं, त्यांनी झडपा अंगावर बसवून दिल्या, एप्रिलअखेर चारही पाय बदलले. झालं. सूचना कोणाची ते आता तुम्हाला —

काय? कुठे? दाखवा... थांबा, चष्मा.

हो. पाचवा माझा, आणि सहावाही माझा. तसं दिसतंय खरं. प्रत्येकाने एकच विचारायचा — हो, मीच सांगितलं आत्ता. आणि धाकटीच्या नावापुढे... रेघ आहे. रेघ म्हणजे प्रश्न नाही. वॉचमनने विचारला आणि तिने नाही — तसं झालं असेल एखादे वेळी. म्हणजे... अहो, तुम्ही विम्याचे अधिकारी की पोलीस? बारीक नजर आहे तुमची. माझ्या हाताखाली असता तर तुम्हाला फार पुढे नेलं असतं.

ती आली तेव्हा साडेअकरा झाले असतील. हात ओले, पदराला पुसत. तिला तक्ता वाचता येत नाही, तरी मी नेहमी तो तिच्यासमोर पसरून ठेवते. कशासाठी? — बरं, तुम्हीच समजा कशासाठी. तिने तक्त्याकडे पाहिलं, 'किती सुबक' म्हणाली — मनापासून म्हणते हो ती, तेच तर — मग बाकाकडे गेली. दांड्यावर नख फिरवलं, मान हलवली, म्हणजे दांडा चांगला. माझ्या जिवात जीव आला, म्हटलं चला, आज तरी हिला खोट सापडत नाही. आणि मग तिने ती नळी उचलली, दोन बोटांत, वांग्याचा देठ धरावा तशी, आणि म्हणाली, 'ताई, ही नळी तुटली तर?' इतकंच. उत्तराचीही वाट नाही पाहिली; चहा उकळतोय म्हणून गेली.

मी बसून राहिले. मला ताबडतोब कळलं हो, मी काही अडाणी नाही, पुढचं सगळं एका क्षणात डोळ्यांसमोर उभं राहिलं — झडप, नळी, मुलगा चालकाच्या खोलीत. प्रश्न दाबून टाकावा असं मनात आलं नाही. हे लिहून घ्या, शपथेवर सांगते, ते मनात आलं नाही. मुलगा चालवतो ती क्रेन. प्रश्न मी लिहिला, शब्दन् शब्द. फक्त पुढच्या रकान्यात नाव लिहायची वेळ आली आणि — माझं अकरा रकान्यांचं काम दोन दिवसांचं, आणि तिचं दोन बोटांचं. हात आपोआप माझ्याच नावाकडे वळला. पोटात दुखत होतं माझ्या, बत्तीस वर्षांचं दुखणं, आणि ते त्या एका ओळीत उतरलं. सही करतो तसं सवयीने लिहून गेले असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं, पण सवयीने माणूस रेघ ओढत नाही. रेघ मी पट्टी धरून ओढली आहे, तुम्हीच बघा.

त्यातूनही सुटले असते. संध्याकाळी वाचन झालं. सहावा प्रश्न वाचला. मग दीर म्हणाले, 'वहिनी, हा कोणाचा हो?' विचारायचं नसतं. मी म्हणू शकले असते, 'भाऊजी, रीत मोडू नका.' म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, 'माझा.' आणि ती तिथेच बसली होती, माझ्यापासून दोन हातांवर, कपबश्या गोळा करत. मान वर केली नाही. एक बशी वाजली, तेवढंच. दीर म्हणाले, 'वा, वहिनी! मानलं.' आयुष्यात पहिल्यांदा मला त्या यार्डात कोणी 'मानलं' म्हटलं. तुम्हाला सांगते, त्या रात्रीचं जेवण मला गोड लागलं. ही त्यातली सर्वांत वाईट गोष्ट आहे, आणि ती मी कोणाला सांगितलेली नाही, आणि तुम्हालाही का सांगते आहे कळत नाही.

पुढचं तुमच्याकडे आहेच. बावीस सप्टेंबर, मंगळवार, कारखान्याच्या मागच्या बोळात तेवीस टनांचा बॉयलर हवेत, खाली सहा माणसं, आणि तो ट्रक न बघता मागे आला. त्याच्या फाळक्याच्या पत्र्याने उजव्या मागच्या पायाच्या झडपेपर्यंत येणारी नळी सुरीने कापावी तशी कापली. जमिनीवर तेलाचं थारोळं. लोक ओरडले, पळाले. मी त्या दिवशी कागद घेऊन तिथे गेले होते. धाकटी डबा घेऊन आली होती. मी पायाकडे बघत होते. तो हलला नाही. सूतभरही नाही. झडप अंगावर होती, आतलं तेल आत राहिलं. मुलाने बॉयलर सावकाश खाली ठेवला, घाई केली नाही, आणि मग तो खोलीतून उतरला. मी पुढे झाले. हात पुढे केला होता मी. साहेब, तो माझ्या शेजारून गेला — असा, इतक्या अंतरावरून — आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाला, 'काकू, तुझी नळी तुटली गं.'

तुझी. तुझी म्हणाला.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. त्या सकाळी तो खिडकीबाहेर उभा होता म्हणे, विडी ओढत, मला दिसू नये म्हणून. सहा महिने ठाऊक होतं. संध्याकाळी मी 'माझा' म्हणाले तेव्हाही ठाऊक होतं, आणि माझं पोरगं गप्प बसलं, माझी लाज राखली, आणि त्या सहा महिन्यांत एकदाही मला — ओरडला असता तर बरं झालं असतं. आणि तुम्हाला काय वाटतं, मुलगा वाचला म्हणून मला त्या क्षणी फक्त आनंद झाला? झाला, झाला. पण त्याच्या खालोखाल दुसरंही काही झालं. मुलगा जिवंत समोर उभा असताना कोणत्या आईला खांद्यांचा हेवा वाटतो? मला वाटला. माझा खांदा का नव्हता, एवढंच आलं मनात.

आणि ती! घरी येताना ती मला म्हणते, 'ताई, तुम्ही लिहिलंत म्हणून झालं. मी बोलले आणि चहाच्या नादात विसरूनही गेले. माझं बोलणं वाऱ्यावर गेलं असतं.' मनापासून म्हणाली. एकदा टोमणा मारला असता, नाक मुरडलं असतं, तर आमची फिटंफाट झाली असती. ते सुखसुद्धा देत नाही ती मला.

लेखणी का ठेवलीत खाली? उचला. नाही, मला पाणी नको. ती वही इकडे द्या. खोडाखोडीचा नियम असा — एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. ही रेघ. हे तिचं नाव, वरच्या ओळीत. ही माझी सही. आता तुमचा रकाना. लिहा तिचं नाव, आधी तिचं, मग भाऊजींचं, मग आडनाव — आडनाव एकच आहे, पुन्हा विचारू नका. पण मजकुरात 'यांच्या हुशारीमुळे' असं लिहाल तर खबरदार. 'यांनी विचारलेल्या प्रश्नामुळे' लिहा. हुशारी निराळी, प्रश्न निराळा. आणि 'पत्रव्यवहार' म्हणून कुठे खाली, लहान अक्षरांत... नसेल जागा तर नको. नको, खरंच नको.

अगं, ये. ट्रे ठेव तिकडे. साहेबांना तुझी सही हवी आहे एका कागदावर. कसला ते मग सांगते. संध्याकाळी, सगळ्यांसमोर सांगते, दीर असतील, पोरगाही असेल. आत्ता फक्त सही कर.

अहो, ते शाईचं पॅड काय काढताय? अंगठा? ठेवा ते आत. सही येते तिला. ती या घरात आली त्या वर्षी, याच टेबलावर, सहा दिवसांत शिकवली आहे मी — कर गं, घाबरू नकोस, पहिल्या अक्षराची गाठ आधी, मग काना. हां. बघा. आहे का तुमच्या कार्यालयात कोणाची अशी?

तारीख मी घालते. सोळा ऑक्टोबर, एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, शुक्रवार. झालं तुमचं काम. चहा उभ्यानेच घ्या आणि निघा आता.